शंभर मीटर पुसू नका, शंभर मीटरातल्या घरांचं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शनिवारवाड्याच्या हद्दीपासून शंभर मीटरच्या आत नवीन बांधकाम करायचं नाही या नियमावरून पुण्यात परत चर्चा सुरू झालीये, पेपरात पण बरंच छापून येतंय, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. मी त्या शंभर मीटरच्या आतच राहते. जुने भाडेकरू आहोत आम्ही, आजेसासऱ्यांनी भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या आहेत, त्यामुळे या नियमाचा त्रास काय असतो ते मला कुणी समजावून सांगायला नको. आणि तरीसुद्धा मला स्पष्ट लिहायचंय की "शंभर मीटरची अट काढा" किंवा "पन्नासवर आणा" ही जी मागणी आमच्या नावाने केली जातेय ती माझी मागणी नाही. मला राहतं घर धड हवंय. शनिवारवाड्याच्या भोवती टॉवर उठले पाहिजेत असं मला कधीच वाटलेलं नाही, आणि आमच्या आळीतल्या ज्या लोकांशी मी बोलते त्यांनाही तसं वाटत नाही. पण चर्चेत या दोन गोष्टींची अशी काही गाठ मारून ठेवलीये की घर हवं म्हटलं की तुम्ही स्मारकाच्या विरोधात, आणि स्मारक जपा म्हटलं की तुम्ही रहिवाशांच्या विरोधात.

आधी कायदा काय आहे ते, कारण व्हॉट्सअॅपवर काहीही फिरत असतं. शनिवारवाडा हे राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे, केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म्हणजे एएसआयच्या ताब्यात. पुणे शहरात पाताळेश्वर आणि आगाखान पॅलेस हेही केंद्राच्याच यादीत. यांना लागू होतो १९५८ चा प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळं व अवशेष कायदा. मूळ कायद्यात शंभर मीटर नव्हते. ते आले १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने. संरक्षित हद्द जिथे संपते तिथपासून चारी बाजूंना शंभर मीटर प्रतिबंधित, म्हणजे नवीन बांधकाम नाहीच, आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित, म्हणजे परवानगी घेऊनच बांधायचं. पण अधिसूचना निघून सुद्धा पुढे काही वर्षांनी एक तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि ती एकेक प्रकरण बघून प्रतिबंधित क्षेत्रातल्या बांधकामांना हो म्हणायला लागली. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की अशी परवानगी द्यायचा अधिकारच कायद्याने कुणाला दिलेला नाही. मग २०१० मध्ये संसदेने दुरुस्ती केली, शंभर आणि दोनशे मीटर थेट कायद्यात आले, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण उभं राहिलं. आणि एक महत्त्वाची गोष्ट, केंद्र सरकारला वाटलं तर शंभराचे जास्त करता येतात पण कमी करायची सोय कायद्यात ठेवलेलीच नाही.

म्हणजे हा नियम कुणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेला नाही. सूट देता येते म्हटल्यावर सूट कोणाला मिळते आणि कोणाला नाही हे आपण सगळ्यांनी बघितलंय, आणि तेच होत होतं म्हणून तो एवढा कडक झाला. आज शंभर मीटरात बेकायदा बांधकाम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. स्मारकाची नासधूस केली तरी तेवढीच शिक्षा, आधी ती फक्त तीन महिने किंवा पाच हजार दंड एवढीच होती. अशा बांधकामाकडे जाणूनबुजून काणाडोळा करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला पण तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे शेवटचं कलम लोकांना फारसं माहीत नाही आणि ते माहीत असलं पाहिजे.

आता लोकांचा दुसरा समज असा की शंभर मीटरात एक वीटसुद्धा हलवता येत नाही. तसं नाहीये. आधीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती, नूतनीकरण याला परवानगी मिळते. कायद्यात त्याची मुदत सुद्धा घातलेली आहे. अर्ज सक्षम अधिकाऱ्याकडे आला की त्याने पंधरा दिवसांत तो प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत आपलं मत कळवायचं, आणि ते आल्यावर सक्षम अधिकाऱ्याने एका महिन्यात हो किंवा नाही सांगायचं. वाचायला किती छान वाटतं. पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या सुमाराला अर्ज टाकला तर पुढच्या पावसाच्या कितीतरी आधी काम उरकायला हवं.

प्रत्यक्षात काय होतं ते आमच्याच वाड्याचं सांगते. मागच्या अंगाची भिंत आहे ती जोत्यापर्यंत दगडी आणि वर पांढऱ्या मातीच्या विटांची, मधे सागवानी खांब आणि आडव्या तुळया. शेजारच्या बोळातलं पाणी दर पावसात त्या जोत्याला लागून साचतं, ओल वर चढत जाते, आणि दोन तुळयांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे वाळवीने खाल्लीयेत. बोट लावलं की भुसा पडतो. भिंतीला मधोमध पोट सुटलंय. वरच्या मजल्याचं छत कडीपाटाचं आहे, त्यातल्या फळ्या खाली झुकल्यात म्हणून खालून लोखंडी टेकू दिलेत, आणि त्या टेकूंच्या मधून आम्ही ये-जा करतो. कौलं फुटली तेव्हापासून वर निळी ताडपत्री आहे. हे काम कुशल सुतार आणि चांगला गवंडी मिळाला तर होण्यासारखं आहे, तुळयांची टोकं बदलायची, भिंतीचा तेवढा भाग उतरवून परत चढवायचा, जोत्याजवळचं पाणी वळवायचं. घराची उंची वाढत नाही, रुंदी वाढत नाही, शनिवारवाड्याला त्याचा काही म्हणजे काही त्रास नाही.

पण अर्जाला नकाशा लागतो, फोटो लागतात, जागेची कागदपत्रं लागतात, आर्किटेक्टचा सही-शिक्का लागतो आणि मालकाची संमती लागते. मालकांच्या चार शाखा, दोन परदेशात, त्यांच्यात आपसात दावा चालू, आणि खरं सांगायचं तर त्यांना दुरुस्तीत रसही नाही कारण आज ना उद्या नियम सुटेल आणि सगळा वाडा बिल्डरला देता येईल अशी त्यांची आशा आहे. त्यांना तरी किती दोष द्यायचा, भाडं महिन्याला एका वडापावाच्या प्लेटइतकं सुद्धा येत नाही त्यांना. शेवटी कसेबसे कागद जमवून अर्ज केला तर एका ऑफिसात सांगितलं की हे आमच्याकडे नाही, दुसऱ्या ऑफिसात सांगितलं की अंतराचा नकाशा त्यांच्याकडूनच आणा, मग त्रुटी निघाली, ती दुरुस्त केली तर दुसरी त्रुटी निघाली. पंधरा दिवस, दोन महिने, एक महिना हे सगळं कागदावरच राहिलं, कारण त्रुटी निघाली की मोजणी परत पहिल्यापासून सुरू होते असं तोंडी सांगतात. तेवढ्यात महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस दाराला चिकटलेली असते, पावसाळ्याआधी ती दरवर्षी येते, की वाडा धोकादायक आहे तरी रिकामा करा किंवा दुरुस्त करा, काही झालं तर जबाबदारी तुमची. एक खातं म्हणतं दुरुस्त करा, दुसरं म्हणतं हात लावू नका, आणि दोघांच्या मधे आम्ही जीव मुठीत धरून राहतो. माझ्या शेजारच्या काकू आषाढातल्या पावसात रात्रभर झोपत नाहीत, कुठे माती पडल्याचा आवाज येतो का ते ऐकत बसतात. वय सत्तरच्या पुढे आहे त्यांचं.

आणि सगळ्यात मोठी अडचण याच्या पुढची आहे. समजा वाडा पडलाच, किंवा इतका मोडकळीला आला की दुरुस्तीच्या पलीकडे गेला, तर काय? तर शंभर मीटरात पुनर्बांधणीला परवानगी नाही. संपलं. भाडेकरू बाहेर, मालकाच्या हातात रिकामा प्लॉट, आणि त्या प्लॉटवर मग काही काळाने पार्किंग किंवा पत्र्याच्या टपऱ्या. शनिवारवाड्याच्या आजूबाजूला एक चक्कर मारा, वाडे होते तिथे मोकळ्या जागा दिसतील, आत भिंतीवर जुन्या कोनाड्यांच्या खुणा आणि पुढे लावलेल्या टू-व्हीलरच्या रांगा. यातून शनिवारवाडा कसा काय जपला गेला ते मला कुणीतरी सांगावं.

इथे कायद्याचीच एक गोष्ट बघण्यासारखी आहे आणि मला वाटतं उत्तर तिथेच आहे. २०१० च्या दुरुस्तीत बांधकाम, पुनर्बांधणी आणि दुरुस्ती या तीन गोष्टींच्या वेगवेगळ्या व्याख्या दिल्यात. पुनर्बांधणी म्हणजे काय, तर आधी जे घर होतं त्याच आडव्या आणि उभ्या मर्यादेत ते परत उभं करणं. तेवढीच लांबी-रुंदी, तेवढीच उंची. ही व्याख्या कायद्यात तयार आहे, पण अशी पुनर्बांधणी फक्त नियंत्रित क्षेत्रात, म्हणजे शंभर मीटरच्या पुढे करता येते, तीही परवानगी घेऊन. माझं म्हणणं असं की शंभर मीटरचा आकडा आहे तसाच ठेवा, आणि त्याच्या आत फक्त राहत्या घरांसाठी, तिथे आधीपासून राहणाऱ्या माणसांसाठी, होतं तेवढंच घर परत बांधायची मुभा द्या. दोन मजली वाडा होता तर दोन मजलीच. दर्शनी भाग जुन्या वळणाचा. एक इंच एफएसआय, म्हणजे प्लॉटवर बांधायला मिळणारं क्षेत्र, जास्त नको. एवढीच दुरुस्ती संसदेत मागा. यात बिल्डरला काहीच मिळत नाही, आणि म्हणूनच ही मागणी कुठल्या फ्लेक्सवर दिसत नाही असं मला वाटतं.

मालकाचं नुकसान होतं हे मान्य आहे. हेरिटेज वास्तूच्या मालकाला टीडीआर मिळायची सोय बांधकाम नियमावलीत आहेच, तीच शंभर मीटरात अडकलेल्या घरांना द्या. वर बांधता येत नाही तेवढा एफएसआय त्याला शहरात दुसरीकडे वापरता किंवा विकता येईल, आणि त्याची अट अशी घाला की आधी वाडा नीट करून भाडेकरूंना आत आणायचं, मग टीडीआर हातात.

आता शंभर मीटर का ठेवायचे ते सांगते, कारण "चार भिंती तर उरल्यात त्यासाठी एवढं कशाला" हे वाक्य मी खूपदा ऐकलंय. हो, भिंतीच उरल्यात. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, आतला सागवानी सात मजली की किती मजली तो सगळा डोलारा २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीत गेला, ती आग कितीतरी दिवस धुमसत होती. आज तटबंदी आहे, बुरूज आहेत, दिल्ली दरवाजा, मस्तानी, खिडकी, गणेश, नारायण असे पाच दरवाजे आहेत, वर नगारखाना आहे आणि आत नुसती जोती. आणि हजारी कारंज्याचा हौद. पण जोती उरलीत म्हणूनच भोवतालचं महत्त्व जास्त आहे. आत काही नाही, तेव्हा वाडा केवढा होता, त्याच्या समोर कसबा कसा बसला होता, नदी किती जवळ होती हे कळतं ते बाहेरूनच. तटावर चढलं आणि चारी बाजूंना बघितलं की अजूनही पेठांची छपरं दिसतात, कौलं, पत्रे, मधेच देवळाचा कळस. तिथे बारा-पंधरा मजली इमारती आल्या की तो तट खड्ड्यात गेल्यासारखा दिसेल. एकदा त्या आल्या की परत निघत नाहीत.

आणि वाडा म्हणजे फक्त तटाच्या आतली जमीन नव्हती ना. हजारी कारंज्याला पाणी कुठून यायचं? नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालून दगडी-विटांचा नळ शहरात आणला, वाटेत उच्छ्वास, म्हणजे नळाची वर उघडणारी तोंडं, ठेवले, पेठांमधे हौद बांधले. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद ही नावं अजून पत्त्यात लिहितात लोक. तेच पाणी शनिवारवाड्यात, तेच पाणी आमच्यासारख्यांच्या पेठेत. त्यातलं शनिवारवाड्याचं टोक केंद्राच्या कायद्याने संरक्षित आहे आणि मधला नळ रस्ते खोदताना, पाया घेताना कुठे ना कुठे फुटत आलाय. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या कामात जमिनीखाली जुना बोगदा सापडला तेव्हा पुणेकर किती हळहळले होते. मंडईच्या स्टेशनच्या खोदाईत तर हत्तीची हाडं निघाली. म्हणजे जमिनीखाली काय आहे ते खणल्याशिवाय कळत नाही, आणि शनिवारवाड्याच्या भोवती दोन-तीन मजली बेसमेंट पार्किंग खणायला लागले तर काय काय जाईल याचा विचार कुणी केलाय का?

नियम पाळला तर काय होतं याचं उदाहरण पुण्यातच आहे. वनाज ते रामवाडी मेट्रोचा मूळ मार्ग नगर रोडने आगाखान पॅलेसच्या समोरून जाणार होता. पॅलेस राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक, मेट्रोचे खांब शंभर मीटरात येत होते, म्हणून मार्ग बदलला आणि कल्याणीनगरमधून नेला. तिकडच्या लोकांनी त्यावर आक्षेप घेतले, सलीम अली पक्षी अभयारण्याचा मुद्दा आला, ते आक्षेप चुकीचे होते असं मी म्हणत नाही. पण त्याच आगाखान पॅलेसमध्ये ९ ऑगस्ट १९४२ पासून ६ मे १९४४ पर्यंत गांधीजी कैदेत होते, महादेवभाई देसाई तिथेच गेले, कस्तुरबा तिथेच गेल्या, दोघांच्या समाध्या तिथे आहेत. त्या समाध्यांजवळची शांतता आज जेवढी उरलीये तेवढी या एका नियमामुळे उरलीये. मेट्रोसारख्या हजारो कोटींच्या सरकारी प्रकल्पाला जो कायदा बाजूने वळायला लावू शकला तो कायदा कच्चा नाही. सरकारी कामांना शंभर मीटरात सूट द्यायचं विधेयक लोकसभेने जानेवारी २०१८ मध्ये मंजूर केलं होतं, राज्यसभेत ते निवड समितीकडे गेलं आणि पुढे मंजूर झालंच नाही. ते अडकलं हे चांगलंच झालं. सरकारला सूट मिळाली की पाठोपाठ सरकारच्या भागीदारीतल्या खाजगी कामांना मिळणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आणि संरक्षण नसलं की काय होतं? भिडेवाडा. बुधवार पेठेत, दगडूशेठच्या समोर. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा जिथे काढली ती जागा. मी लहान असताना खाली दुकानं, वर पडायला आलेले मजले, आणि दाराशी एक पाटी एवढंच होतं. स्मारक करायचं म्हणून महापालिका आणि दुकानदार-भाडेकरू यांच्यात वर्षानुवर्षं कोर्टात चाललं. शेवटी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टात निकाल लागला आणि डिसेंबरमध्ये रात्रीतून वाडा पाडला गेला, आता तिथे नवीन स्मारक. वाडा वाचवण्यासारखा उरला नव्हता असं म्हणतात, असेलही. पण तो तसा का उरला नव्हता? कारण भांडण मालकीचं चालू होतं आणि तोवर एक तुळई बदलायची सुद्धा जबाबदारी कुणाचीच नव्हती. ज्या पायऱ्यांवरून त्या पहिल्या मुली चढल्या असतील त्या पायऱ्या आता कुठेच नाहीत, हे मला फार लागलंय. मुलगी माझी शिकतेय आता कॉलेजात, तिला दाखवायला मी काय नेऊ तिथे.

नुसतं यादीत नाव असूनही भागत नाही. कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, २०१३ च्या अहवालात १,६५५ स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली तर त्यातली ९२ जागेवर सापडलीच नाहीत. पुढे त्यातली बरीच शोधून काढली, काहींचा पत्ता लागलाच नाही, आणि मार्च २०२४ मध्ये सरकारने १८ स्मारकं आता राष्ट्रीय महत्त्वाची उरली नाहीत म्हणून यादीतून काढायचं ठरवलं. कुठे रस्ता आला असेल, कुठे वस्ती, कुठे धरण. कायदा सगळ्यांना तोच लागू होता. शंभर मीटर तिथेही होते. फक्त तिथे कुणी लक्ष ठेवणारं नव्हतं. शनिवारवाड्याला निदान आम्ही आहोत, तटाचा एक दगड जरी निखळला तरी आमच्या आळीत त्याच दिवशी कळतं. जुन्या वस्तीतली माणसं ही स्मारकाची राखण असतात आणि तीच माणसं एकेक करून धायरी, कात्रज, वाघोलीला निघून चाललीयेत.

जिल्ह्यातल्या किल्ल्यांचंही थोडं. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपले शिवनेरी, लोहगड आणि राजगड. सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला, अभिमान वाटलाच. पण शिवनेरी आणि लोहगड केंद्राच्या संरक्षणात आहेत आणि राजगड राज्याच्या, त्याला राज्याचा १९६० चा वेगळा कायदा. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच यादीत, दोन सरकारं आणि दोन कायदे. त्यांच्यात मेळ कोण घालणार हे आत्ताच ठरवा, नाहीतर आमच्या दुरुस्तीच्या अर्जासारखं होईल.

आता मुद्द्याचं. २०१० च्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आहे, २० ई. त्यात म्हटलंय की प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी वेगळे वारसा उपनियम करायचे, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था किंवा तशाच जाणकार संस्थांशी सल्लामसलत करून. त्यात काय असावं तेही दिलंय, इमारतींची उंची, दर्शनी भाग, सांडपाणी, रस्ते, विजेचे खांब, पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं की अजिंठ्याला, दिल्लीच्या रस्त्यावरच्या एखाद्या मिनाराला आणि भरवस्तीतल्या शनिवारवाड्याला एकच माप नीट बसणार नाही, म्हणून प्रत्येकाचे वेगळे नियम करायला सांगितले. दीड दशक होऊन गेलं. देशभरात हे काम कासवाच्या गतीने चाललंय. बंदीचं कलम पहिल्या दिवसापासून लागू झालं आणि लोकांना वाट दाखवणारं कलम मागे पडलं, आमचा सगळा राग त्यातून आलाय. तो राग वापरून कुणी शंभर मीटरच उडवू बघत असेल तर ते आम्हाला नकोय.

म्हणून आमच्या भागाच्या आमदारांना, पुण्याच्या खासदारांना आणि महापालिकेला तुमच्या पेपरातून सांगायचंय. शनिवारवाड्याचे वारसा उपनियम नेमके कुठल्या टप्प्यावर आहेत हा प्रश्न संसदेत विचारा, तारखेसकट उत्तर घ्या. उपनियमांचा मसुदा मराठीत लावा, वाड्याच्या दारात लावा, आम्हाला वाचू द्या आणि हरकती घेऊ द्या. शंभर मीटरातल्या प्रत्येक घराचा एकदा सर्व्हे करून उंची, लांबी-रुंदी, फोटो नोंदवून ठेवा, म्हणजे उद्या घर पडलं तर "किती होतं" यावर वाद नको, आणि दर वेळी प्रत्येकाने अंतराचा नकाशा वेगळा आणायलाही नको. दुरुस्तीच्या अर्जासाठी पुण्यातच एक खिडकी ठेवा जिथे महापालिका, राज्य पुरातत्त्व आणि एएसआय तिघांचा माणूस आठवड्यातून एक दिवस एकत्र बसेल. त्रुटी काढायच्या तर सगळ्या एकदमच लेखी काढायच्या. धोकादायक म्हणून नोटीस आलेल्या घराचा अर्ज सगळ्यात आधी घ्यायचा, आणि मालकाची संमती महिन्याभरात आली नाही तर भाडेकरूंना स्वखर्चाने जीव वाचवण्यापुरती दुरुस्ती करू द्यायची. यातल्या बहुतेक गोष्टींना कायदा बदलावा सुद्धा लागत नाही. फक्त होतं तेवढंच घर परत बांधायच्या मुभेसाठी संसदेत जावं लागेल, आणि तिथे जाताना शंभर या आकड्याला हात लावणार नाही असं आमच्या लोकप्रतिनिधींनी आधी जाहीर लिहून द्यावं.

शनिवार पेठ, कसबा, नारायण पेठ या भागातले जे लोक शंभर मीटरात राहतात त्यांनी आपली दुरुस्तीची प्रकरणं कुठे अडकलीत, कधी अर्ज केला, काय उत्तर आलं ते तुमच्या पेपरकडे कळवावं आणि तुम्ही ते एकत्र छापावं अशी विनंती आहे. माझ्या अर्जाच्या पोचपावतीची झेरॉक्स या पत्रासोबत जोडली आहे, नाव मात्र छापू नये.

आपली,
एक भाडेकरू,
शनिवार पेठ, पुणे